फाटा हें कोणतें नाम?



व्याकरणाचें नांव काढलें कीं पुष्कळ घरांत मुलांच्या आधीं आईबापांचेच चेहरे उतरतात. त्यांतल्या त्यांत नामाचे प्रकार हा धडा मात्र सोपा, असा सार्वत्रिक समज आहे. नदी हें सामान्यनाम, कुकडी हें विशेषनाम. मुलगा हें सामान्यनाम, गोविंद हें विशेषनाम. वहींत दोन रकाने आंखावयाचे, दहा-वीस शब्द त्यांत वाटून टाकावयाचे, कीं धडा संपला. मीहि पुष्कळ वर्षें तो असाच संपवीत आलों. हा धडा सोपा नाहीं, इतकेंच नव्हे तर आपल्या नेहमींच्या रीतीनें शिकविल्यास मुलाला जें आधींच येत असतें तें विसरावयास लावणारा आहे, ही गोष्ट मला एका नऊ वर्षांच्या मुलानें दाखवून दिली. परंतु ती माझ्या ध्यानांत आली तेव्हां तो मुलगा माझ्या वर्गांत उरला नव्हता. ती हकीकत आधीं सांगतों.

पुणें जिल्ह्याच्या उत्तरेस, जुन्नर तालुक्यांत, आळेफाटा म्हणून एक ठिकाण आहे. पुण्याहून नाशिकला जाणारा रस्ता आणि कल्याणहून माळशेज घाट चढून नगरकडे जाणारा रस्ता हे दोन्ही तेथें एकमेकांस छेदून जातात. आळें हें मूळ गांव थोडें बाजूला. त्या गांवाचा फाटा तो आळेफाटा. आज तेथें मोठी पेठ वसली आहे, कांद्याचा बाजार आहे, एस. टी. चें स्थानक आहे, आणि मध्यरात्रींहि चहाचीं आधणें चालूं असतात. मात्र पंचक्रोशींतला मनुष्य 'आळेफाटा' असें पुरें नांव क्वचितच घेतो. "कोठें निघालांत?" "फाट्यावर." तेवढ्यानें भागतें.

त्याच टापूंतल्या एका शाळेंत मी शिकवीत होतों. या गोष्टीला सुमारें तीस वर्षें झालीं. चौथीच्या वर्गाला मीं एके दिवशीं फळ्यावर दहा शब्द लिहून दिले. डोंगर, शिवनेरी, नदी, कुकडी, बैल, फाटा, असे कांहींसे ते होते. दोन रकाने करून आणावयास सांगितले. एका मुलाचे नऊ शब्द बरोबर होते. 'फाटा' हा तेवढा त्यानें विशेषनामांत घातला होता. मीं तांबड्या शाईनें फुली मारली. तो वही घेऊन मेजापाशीं आला आणि म्हणाला, "गुरुजी, फाटा एकच तर आहे." त्याच्या वडिलांची फाट्यावर चहाची टपरी होती. मीं त्यास ऐकविलें कीं, मोठ्या रस्त्याला जेथें जेथें दुसरा रस्ता फुटतो तेथें तेथें फाटा असतो, असे फाटे शेंकडों आहेत, तेव्हां हें सामान्यनामच. जाऊन पांच वेळां लिहून काढ. त्यानें लिहून काढलें. त्यानंतर वर्ष संपेपर्यंत व्याकरणाच्या तासाला त्यानें आपण होऊन हात वर केल्याचें मला आठवत नाहीं. पुढच्या जूनमध्यें त्याच्या घरचीं माणसें दुसरीकडे राहावयास गेलीं.

तो गेल्यावर कांहीं महिन्यांनीं मी नारायणगांवच्या स्थानकावर गाडींत बसलों होतों. कंडक्टर आला. मीं पैसे पुढें करून म्हटलें, "एक फाटा द्या." त्यानें तिकीट फाडून हातांत दिलें आणि तो पुढच्या उतारूकडे वळला. कोणता फाटा, असें त्यानें विचारलें नाहीं. नारायणगांवापासून आळेफाट्यापर्यंत रस्त्याला डावीउजवीकडे फुटणाऱ्या वाटांना कांहीं तोटा नाहीं. व्याकरणाच्या पुस्तकाप्रमाणें त्यांतला प्रत्येक फाटाच. परंतु मीं उच्चारलेल्या शब्दाचा अर्थ त्या गाडींतल्या एकाहि माणसाला दोन तऱ्हांनीं लागला नसता. तिकिटाकडे पाहतां पाहतां मला ती तांबडी फुली आठवली. मुलगा बरोबर होता. निदान माझ्याइतका तरी बरोबर होता.

चूक कोठें होती? ती त्याच्या उत्तरांत नव्हती आणि माझ्या व्याख्येंतहि नव्हती. ती प्रश्नांतच होती. मीं त्याला सुटा शब्द दिला होता, वाक्य दिलें नव्हतें. "पुढें एक फाटा लागेल, तेथें डावीकडे वळा," या वाक्यांतला फाटा सामान्यनाम. कारण तो एका प्रकारच्या जागेची ओळख सांगतो. "बाबा फाट्यावर गेले," या वाक्यांतला फाटा विशेषनाम; कारण तो नेमक्या एका जागेकडे बोट करतो. शब्द तोच, अक्षरें तींच, काम निराळें. नाम हें जन्मतःच सामान्य किंवा विशेष नसतें. वाक्यांत त्याला जें काम पडतें त्यावरून तें ठरतें. ही एक गोष्ट शिक्षकाच्या मनांत पक्की असली, तर मुलांचें अर्धें ओझें उतरतें.

आपल्याकडे हें शिकविणें शब्दांच्या याद्यांत कां अडकून पडलें, याचा मीं पुढें थोडा विचार केला. मराठीचीं शालोपयोगी व्याकरणें गेल्या शतकाच्याहि मागच्या शतकांत इंग्रजी व्याकरणांच्या धर्तीवर तयार झालीं. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचें 'महाराष्ट्र भाषेचें व्याकरण' १८३६ सालीं निघालें. मोरो केशव दामल्यांचें 'शास्त्रीय मराठी व्याकरण' १९११ सालीं. दोन्ही ग्रंथ थोर. परंतु त्यांच्यावरून उतरत उतरत शाळेंत जें आलें तें पुष्कळदां इंग्रजी चौकटीचा सांगाडाच होता. इंग्रजी मुलाला हा भेद डोळ्यांनीं दिसतो. विशेषनामाचें पहिलें अक्षर मोठें काढावयाचें, असा त्याच्या लिपीचा नियमच आहे. अर्थात् या खुणेवर फारसें विसंबण्यांत अर्थ नाहीं. जर्मन भाषेंत सर्वच नामांचें पहिलें अक्षर मोठें लिहितात, म्हणून तेथल्या मुलाला प्रत्येक टेबल नि प्रत्येक मांजर विशेषनाम वाटतें असें नव्हे. आपल्या बाळबोध लिपींत लहानमोठीं अक्षरें नाहींत, आणि मोडींतहि नव्हतीं. आपल्या मुलाला डोळ्यांची खूण मिळत नाहीं, कानाची मिळते. त्या कानाच्या खुणेकडे मी पुढें येतों.

आपल्या जुन्या वैयाकरणांनीं हा विचार अधिक मोकळेपणानें केला होता. दोन हजार वर्षांहून पूर्वीं पतंजलींनीं आपल्या महाभाष्यांत शब्दांची चार कामें सांगितलीं: जाति दाखविणें, गुण दाखविणें, क्रिया दाखविणें, आणि चौथें यदृच्छा, म्हणजे कोणी तरी आपल्या मर्जीनें ठेवलेलें नांव. एकाच गाईला 'गाय' म्हणतां येतें, 'पांढरी' म्हणतां येतें, 'चालणारी' म्हणतां येतें, आणि धन्यानें तिचें नांव डित्थ ठेवलें असेल तर 'डित्थ' असेंहि म्हणतां येतें. डित्थ या शब्दाला कांहीं अर्थ नाहीं, हाच त्या उदाहरणांतला मुद्दा. विशेषनाम वर्णन करीत नाहीं. तें फक्त हाक मारतें. आपल्या बायाबापड्यांनाहि हें पक्कें ठाऊक होतें. एरवीं 'नांव सोनुबाई, हातीं कथलाचा वाळा' ही म्हण जन्मास आली नसती.

हाक मारणें, हाच माझ्या मतें या धड्याचा दरवाजा. मूल शाळेंत येतें त्या पहिल्याच सकाळीं त्याला विशेषनामाचा धडा मिळतो, आणि तो व्याकरणाच्या तासाला नव्हे, हजेरीच्या वेळीं. घरीं बाळ्या, सोन्या, छकुली, अशा नांवांनीं वाढलेलें पोर हजेरीपटावर भलत्याच भारदस्त नांवानें लागलेलें असतें. 'ज्ञानेश्वर' म्हणून तीन वेळां पुकारा झाला तरी पोर आपलें ढिम्म. शेजारच्यानें ढोसल्यावर त्याला समजतें कीं तें आपणच. सहा वर्षांच्या मुलाच्या आयुष्यांतली ती लहान घटना नव्हे. आपल्याला एक पुरें नांव आहे, तें कागदावर लिहिलेलें आहे, आणि त्या नांवानें या खोलींतल्या चाळीस जणांतून आपल्यालाच उभें राहावें लागतें, हें त्याला प्रथमच कळतें. शिक्षकानें तो क्षण साधून विचारावें: "मीं नुसतें 'मुला, ऊठ' म्हटलें असतें तर कोण उठलें असतें?" सगळा वर्ग सांगतो, "सगळे!" किंवा, "कोणीच नाहीं!" दोन्ही उत्तरें बरोबर आहेत. सामान्यनामाची व्याख्या त्यांना येथेंच समजली. तिला नांव मागाहून द्यावें.

व्याख्या देतांना मात्र एका शब्दापासून सावध राहावें. सामान्यनामाला जातिवाचक नाम असेंहि म्हणतात, आणि मीहि सांगत असें कीं, एका जातीच्या सर्व वस्तूंना जें नांव लागू पडतें तें सामान्यनाम. एकदां मागल्या बांकावरून प्रश्न आला, "गुरुजी, जातीचें नांव म्हणजे आडनांवावरून कळतें तें का?" कोणी हंसलें, दोन-तीन मुलें खालीं पाहूं लागलीं. व्याकरणांतली जाति निराळी आणि गांवांतली जात निराळी, हें मीं त्यांना समजावून सांगितलें खरें. पण खालीं गेलेल्या माना त्या तासापुरत्या तरी वर आल्या नाहींत. त्या दिवसापासून मी 'प्रकार' म्हणतों, 'तऱ्हा' म्हणतों, आणि वाटाणा, ज्वारी, द्राक्षें यांच्याविषयीं बोलतांना 'वाण' म्हणतों. शास्त्राचें कांहीं बिघडत नाहीं.

घरीं करून पाहण्याजोगी एक परीक्षा सांगतों. तिला मी 'दुसरा'ची परीक्षा म्हणतों. जेवतांना मुलाला विचारावें, "एक पोळी झाली, दुसरी वाढूं का?" तें हो म्हणेल. मग विचारावें, "एक शिवनेरी पाहिलीस, दुसरी दाखवूं का?" मूल हंसतें. ज्या शब्दामागें 'दुसरा' सहज बसतो तें सामान्यनाम. जेथें बसवितांना हंसूं येतें तें विशेषनाम. एक बैल, दुसरा बैल; एक पाटी, दुसरी पाटी; पण एक कुकडी, दुसरी कुकडी म्हटलें कीं पोरें हंसलींच. पांच वर्षांच्या मुलालाहि हा खेळ आवडतो, आणि चुकीच्या वाक्याला हंसूं येणें हें व्याकरण येत असल्याचें लक्षण आहे.

ही परीक्षा कोठें तरी अडते, आणि ती अडते तेथेंच मुलांना खरी मौज वाटते. कोणी तरी हटकून म्हणतें, "आमच्या वर्गांत तीन पांडुरंग आहेत, मग दुसरा पांडुरंग आहेच कीं." बरोबर आहे. 'तीन पांडुरंग' म्हटलें त्या क्षणीं पांडुरंग या शब्दानें हाक मारण्याचें काम सोडलें आणि 'पांडुरंग नांवाचा मुलगा' असा प्रकार सांगण्याचें काम धरलें; त्या वाक्यापुरता तो सामान्यनाम झाला. गांवांचेंहि असेंच. एकट्या जुन्नर तालुक्यांत वडगांव आनंद आहे, वडगांव कांदळी आहे, वडगांव साहानी आहे. शेजारीं आंबेगांव तालुक्यांत वडगांव काशिंबेग आहे. नुसतें वडगांव म्हटल्यानें पत्र पोंचत नाहीं, म्हणून मागें शेपूट लावावें लागलें. बोरी बुद्रुक आणि बोरी खुर्द या जोडींतले बुद्रुक नि खुर्द हे मूळचे फारसी शब्द, थोरला आणि धाकटा या अर्थाचे. आतां ते सातबाऱ्यावर नांवाचाच भाग होऊन बसले आहेत.

एका नांवाचे दोघे, या प्रकारांतली सर्वांत प्रसिद्ध गोष्ट आळ्याच्या वाट्याला आलेली आहे. पैठणच्या धर्मसभेंत ज्ञानदेवांच्या नांवाची थट्टा झाली. समोरून पाण्याची पखाल वाहणारा एक रेडा चालला होता, त्याचेंहि नांव ज्ञाना, मग नांवांत काय आहे, असें कोणी म्हणालें. पुढें त्या रेड्याच्या मुखांतून वेद वदविल्याची कथा महाराष्ट्रांत पोराटोरांना ठाऊक आहे. परतीच्या वाटेवर त्या रेड्यानें आळें येथें देह ठेवला अशी परंपरा असून तेथें त्याची समाधि आहे. चैत्रांत यात्राहि भरते. ही गोष्ट मी वर्गांत चमत्कारासाठीं सांगत नसें. त्या पंडितांचा प्रश्न व्याकरणाचा होता, एवढेंच मला मुलांना दाखवावयाचें असे. दोन जीवांना एकच नांव असलें म्हणून ते एका प्रकारचे ठरतात का? 'रेडा' या शब्दानें प्रकार कळतो. 'ज्ञाना' या शब्दानें कळत नाहीं. पंडितांनीं विशेषनामाला सामान्यनामाचें काम लावलें आणि त्यावरून माणसाला हिणवलें. चौथीचीं मुलें हें ऐकून गप्प होत, कारण चिडवाचिडवी कशी करतात हें त्यांच्याइतकें कोणाला ठाऊक असणार?

आतां कानाच्या खुणेकडे येतों. मराठी बोलणाऱ्या मुलाच्या जिभेवर हा भेद शाळेंत येण्यापूर्वींच वसलेला असतो, आणि तो विभक्तीच्या प्रत्ययापाशीं उघडा पडतो. "मी गांवाला जातों," असें मूल म्हणतें. "मी नारायणगांवला जातों," असेंहि म्हणतें. शब्द एकच, 'गांव'. पण सामान्यनाम असतां 'गांवाला' आणि विशेषनामाच्या पोटांत शिरल्यावर 'गांवला'. शहराला, घराला, डोंगराला. परंतु जुन्नरला, ओतूरला, नाशिकला. मागल्या पिढीचे लोक जुन्नरास, नाशिकास असें लिहीत. आजच्या बोलण्यांत मात्र हा भेद स्पष्ट आहे. माणसांच्या नांवांतहि तोच प्रकार. बागेंतल्या गुलाबाला पाणी घालावयाचें, पण गुलाब नांवाच्या मावशीला हाक मारतांना 'गुलाबला बोलाव' म्हणावयाचें. माळ्याला मजुरी द्यावयाची. माळी आडनांवाच्या गृहस्थांना मात्र 'माळींना' निरोप द्यावयाचा. "आशेला जागा आहे," हें वर्तमानपत्र म्हणतें. "आशाला जागा दे," हें वर्गांतली मैत्रीण म्हणते. पूर्वीं घरोघर सीतेला, यमुनेला म्हणत, तेव्हां हा भेद इतका सरळ नव्हता. आणि पुणें, आळें, फाटा यांसारखे शब्द आजहि ही खूण पाळीत नाहींत. पुण्याला, आळ्याला, फाट्याला, असेंच म्हणावें लागतें. म्हणून माझ्या त्या विद्यार्थ्याला कानाची मदत झाली नसती. पण जेथें ती होते तेथें मुलाला प्रथम त्याच्याच तोंडचें वाक्य ऐकवावें. नियम आपण सांगण्याऐवजीं त्यानें आपल्या बोलण्यांतून शोधून काढला, तर तो त्याच्या जवळ राहतो.

नगरचें उदाहरण तर फाट्याच्या तोडीचें. नगर म्हणजे शहर, हें सामान्यनाम. "नगराची शोभा" असें आपण पुस्तकांत वाचतों. परंतु आळेफाट्याच्या स्थानकावर "नगर, नगर" असा पुकारा झाला कीं कोणी विचारीत नाहीं, कोणतें नगर म्हणून. २०२४ सालीं अहमदनगरचें नांव अहिल्यानगर झालें. त्याच्या आदल्या वर्षीं औरंगाबादचें छत्रपति संभाजीनगर आणि उस्मानाबादचें धाराशिव झालें होतें. त्याच पुणें-नाशिक रस्त्यावरच्या खेडाचें तर हुतात्मा राजगुरूंच्या स्मरणार्थ फार पूर्वींच राजगुरुनगर झालें आहे, आणि तालुका मात्र अद्याप खेडच आहे. मुलांना यांतून एक चांगली गोष्ट दाखवितां येते. विशेषनाम सरकारी हुकुमानें बदलतां येतें. सामान्यनाम बदलतां येत नाहीं. 'शहर' या शब्दाऐवजीं उद्यांपासून दुसरा शब्द वापरा, असें राजपत्रांत छापून कोणी पाहावें! आणि विशेषनाम वस्तूच्या मागें उरूंहि शकतें. आंबेगांव तालुका आहे, परंतु त्याची कचेरी घोडेगांवला. आणि ज्या गांवावरून तालुक्याला नांव पडलें तें जुनें आंबेगांव डिंभें धरणाच्या पाण्याखालीं गेलें. गांव गेलें, नांव राहिलें, आणि तें नांव आतां शेंकडों वाड्यावस्त्या मिळून वापरतात.

आळें या शब्दाविषयीं एक गोष्ट सांगावयाची राहिली. झाडाच्या बुंध्याभोंवतीं पाणी मुरावें म्हणून जी गोल खळगी करतात तिला आळें म्हणतात. गांवाच्या नांवाचें मूळ कांहींहि असो, आळें हें शेतकऱ्याच्या मुलाच्या रोजच्या बोलण्यांतलें सामान्यनाम आहे आणि फाटाहि. दोन सामान्यनामें शेजारीं ठेवलीं आणि महाराष्ट्रांतल्या नकाशावरचें एक विशेषनाम झालें. याच रस्त्यावर नारायणगांवच्या पुढें 'चौदा नंबर' म्हणून एक जागा आहे. तेथें तर संख्येचेंच गांव झालें.

उलट दिशेचा प्रवासहि चालूंच असतो. झोपाळू मुलाला आपण कुंभकर्ण म्हणतों, रागीट म्हाताऱ्याला जमदग्नि, अंगावर दागिना नसलेल्या बाईला लंकेची पार्वती. राघू हें माणसाचें नांव. पिंजऱ्यांतल्या प्रत्येक पोपटाला तें चिकटून सामान्यनाम झालें. पोर्तुगीज सेनानी अफोन्सो द अल्बुकर्क याच्या नांवावरून आंब्याच्या एका वाणाला नांव पडलें, तें आपल्या तोंडीं हापूस झालें. आतां "दोन डझन हापूस" मागतांना त्या सेनानीची आठवण कोणाला होते? फाट्यावरच्या दुकानांत कागदाची नक्कल हवी असली तर आपण 'झेरॉक्स' मागतों, मग यंत्र कोणत्याहि कारखान्याचें असो.

चंद्राविषयीं मुलें हमखास विचारतात. चंद्र एकच, मग तें विशेषनाम कीं काय? १६१० सालापर्यंत हा प्रश्न सोपा होता. त्या सालच्या जानेवारींत गॅलिलिओला दुर्बिणींतून गुरूभोंवतीं फिरणारीं चार गोलकें दिसलीं, आणि तेव्हांपासून आपण "गुरूचे चंद्र", "शनीचे चंद्र" असें म्हणूं लागलों. नारायणगांवजवळ खोडदला पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस प्रचंड तबकड्यांची रेडिओ दुर्बीण आहे. तिकडचीं मुलें हा प्रश्न अधिक नेटानें विचारतात, असा माझा अनुभव. त्यांना मी फाट्याचेंच उत्तर देतों: वाक्य सांग, मग सांगतों. "चंद्र उगवला" यांत विशेषनाम. "गुरूला पुष्कळ चंद्र आहेत" यांत सामान्यनाम.

भाववाचक नामांचा तिसरा प्रकार आहे. गोडी, शौर्य, गरिबी वगैरे. तो याच वयांत शिकविण्याची घाई करूं नये. ज्याला हातहि लावतां येत नाहीं आणि हाकहि मारतां येत नाहीं, तें नाम कसें, हा प्रश्न मुलाच्या मनांत आपण होऊन येईपर्यंत थांबावें. आशा आणि आशाताई यांच्या निमित्तानें तो कधीं तरी येतोच.

परीक्षेच्या कागदाविषयीं शिक्षक मंडळींना आणि घरीं अभ्यास घेणाऱ्या पालकांना एवढीच विनंति आहे कीं, सुटे शब्द देऊं नयेत. छोटीं वाक्यें द्यावीं, आणि एकच शब्द दोन वाक्यांत द्यावा. "कल्याणकडे वळावयाचा फाटा कोठें आहे?" "आज फाट्यावर बाजार आहे." मुलाचें उत्तर आपल्या अपेक्षेपेक्षां निराळें आलें, तर तांबडी शाई उघडण्यापूर्वीं त्याला 'कां' म्हणून विचारावें. माझ्या त्या विद्यार्थ्यानें तर मला कारण आपण होऊन सांगितलें होतें, आणि तें पांच शब्दांत सांगितलें होतें. तो आतां चाळिशीच्या घरांत असेल.

धाकट्या मुलांच्या घरीं एक गोष्ट कान देऊन ऐकण्याजोगी असते. माझी नात दोन वर्षांची होईपर्यंत 'आई' हें तिच्या लेखीं एका बाईचें नांव होतें. शेजारचा मुलगा स्वतःच्या आईला 'आई' म्हणून हाक मारूं लागला कीं ती रडकुंडीला येई, आणि आपल्या आईचा पदर धरून उभी राही. आपली वस्तु कोणी उचलून नेत असावें तशी. समजूत घालण्याचा पुष्कळ प्रयत्न केला, उपयोग झाला नाहीं. मग तिसऱ्या वर्षीं, पावसाळ्याच्या तोंडीं केव्हां तरी, त्या मुलानें अंगणांतून हाक मारली तेव्हां ती रडली नाहीं. ती उंबऱ्यावर उभी राहिली, त्याच्या आईकडे बोट दाखवून म्हणाली, "ही तुझी आई," आणि आंत वळून स्वैपाकघराकडे बोट करून म्हणाली, "ती माझी आई."